प्रबंध मराठीत लिहिला. संगणकाला तो मराठीत वाचता येतो का?

पीएच.डी.च्या प्रबंधाचा शेवटचा टप्पा म्हणजे बांधणी, अशी समजूत अनेक पिढ्या चालत आली. जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांतील शीर्षक आणि खाली संशोधकाचे व मार्गदर्शकाचे नाव. अशा प्रती विद्यापीठात पोहोचल्या की संशोधक सुटकेचा श्वास टाकत असे. आज त्या प्रतींच्या जोडीला प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रतही द्यावी लागते. कपाटातील प्रत वर्षाकाठी मोजके वाचक उघडतात. इलेक्ट्रॉनिक प्रत मात्र पणजीपासून बेळगाव, इंदूर, बडोद्यापर्यंत कोणालाही घरबसल्या वाचता येते. तरीही ती तयार करण्याचे काम बहुधा अगदी अखेरीस, घाईगर्दीत उरकले जाते.

या घाईत सर्वांत मोठी फसगत मराठी प्रबंधांची होते. पडद्यावर पाने नेटकी दिसतात, छपाईही सुबक येते. पण शोधयंत्रात प्रबंधातलाच एखादा शब्द घातला तर काहीच हाती लागत नाही. वाचकाला अक्षरे दिसत असतात, पण संगणकाच्या लेखी तेथे मराठी नसतेच. पाच-सहा वर्षांचे संशोधन उपलब्ध असूनही सापडत नाही. हे का घडते आणि ते कसे टाळावे, हे प्रत्येक संशोधकाने लेखनाच्या पहिल्याच दिवशी समजून घेतले पाहिजे.

नियम काय सांगतात?

प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची करणारे अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक हे पहिल्या काही विद्यापीठांपैकी एक. तेथे १९९७ पासून ही अट आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या पीएच.डी. नियमावलीने ही वाट घालून दिली. त्यानंतरच्या २०१६ आणि २०२२च्या नियमावल्यांत ती तरतूद अधिक नेमकी झाली. मूल्यमापन यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यावर, पण पदवी जाहीर होण्यापूर्वी, संस्थेने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘इन्फ्लिबनेट’कडे सोपवायची असते. गांधीनगर येथील हे केंद्र आयोगाच्या अखत्यारीत काम करते आणि ‘शोधगंगा’ हे देशभरातील प्रबंधांचे खुले भांडार चालवते.

समास किती सोडावा, ओळींतील अंतर किती ठेवावे, प्रमाणपत्राचा मसुदा कसा असावा, हे मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. त्यामुळे पहिला नियम साधा आहे. आपल्या विद्यापीठाच्या चालू सूचना हाती घेतल्याशिवाय मांडणीला हात लावू नये. मागच्या वर्षी पदवी मिळवलेल्या मित्राची फाइल नमुना म्हणून वापरण्याची प्रथा सोयीची असली, तरी त्या फाइलबरोबर तिच्यातील चुकाही आपल्याकडे येतात.

अक्षर आणि अक्षराचे चित्र

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणते अक्षर, हा करार सर्वत्र सारखा असेल तरच एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो. हा जागतिक करार म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी राखलेल्या मुख्य विभागात १२८ स्थाने आहेत आणि मराठीचा ‘ळ’ तेथे स्वतंत्र स्थान घेऊन बसलेला आहे.

युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठी छपाईचे काम वेगळ्या युक्तीने चाले. टंकात, म्हणजे फाँटमध्ये, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले जात. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांतील टंक, ‘डीव्ही-टीटी’ मालिकेतील टंक ही सारी त्याच युक्तीची अपत्ये. कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द टंकित केला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ‘डी’, ‘के’ आणि ‘ई’ ही तीन रोमन अक्षरे साठवली जातात. त्यांवर देवनागरीचा मुखवटा असतो. टंक बदलला की मुखवटा गळून पडतो आणि पानभर रोमन अक्षरांची खिचडी उरते.

छापील प्रतीपुरते पाहिल्यास या युक्तीत काही वावगे नव्हते, कारण कागदाला आकार तेवढा हवा असतो. मात्र इलेक्ट्रॉनिक प्रबंधात आकारामागचा मजकूरच महत्त्वाचा ठरतो. धालो किंवा रणमाले या विषयावरचा प्रबंध जुन्या टंकात असेल, तर ‘धालो’ हा शब्द देवनागरीत शोधणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. दृष्टिहीन वाचकासाठी पडदा मोठ्याने वाचणारी संगणकप्रणाली त्या पानावर अर्थहीन रोमन अक्षरे उच्चारत राहील. उतारा उद्धृत करू पाहणाऱ्याला तो नव्याने टंकित करावा लागेल.

म्हणून टंकलेखन बाहेरून करून घेणाऱ्या संशोधकाने दर ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘मजकूर युनिकोडमध्ये मिळेल ना?’ स्वतः लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट किंवा ध्वन्यात्मक, कोणताही कळफलक वापरला तरी चालतो. टंक मात्र मंगल, कोकिळा, नोटो, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा अशांपैकी युनिकोड टंक असावा.

जुना मजकूर रूपांतरित करताना

अर्धा प्रबंध जुन्या टंकात लिहून झाला असेल, तर रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु रूपांतर झाले म्हणजे काम संपले, असे नाही. ऱ्हस्व वेलांटी असलेली जोडाक्षरे, रफार, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’, अर्धचंद्र व अवतरणचिन्हे या ठिकाणी चुका हमखास होतात. मूळ मजकुरात मधेच इंग्रजी नावे किंवा संकेतस्थळांचे पत्ते असतील, तर साधन त्यांनाही जुन्या टंकातील मराठी समजून त्यांचे भलतेच काही करून ठेवते. संदर्भसूचीत हे विशेष घडते. त्यामुळे रूपांतरानंतर एक संपूर्ण मुद्रितशोधन अपरिहार्य आहे आणि त्यासाठी वेळापत्रकात काही आठवडे राखून ठेवणे शहाणपणाचे.

मराठीच्या दोन लकबी येथे ध्यानात ठेवाव्यात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील घळी. दुसऱ्या शब्दातील ‘र’चे डोळ्याच्या पापणीसारखे रूप संगणकात दोन प्रकारे घडवता येते. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर हलन्त आणि त्यामागे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह घालतात. दोन्ही पद्धतींनी पडद्यावर तेच रूप उमटते, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात. शिवाय रूपांतरात वा नकलेत ते अदृश्य चिन्ह गळाले, तर डोंगरातील दऱ्यांचा चक्क दर्या होतो.

‘ॲ’ची गोष्टही तशीच. या अक्षराला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, स्वतंत्र स्थान मिळाले. तोपर्यंत ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागवले जाई आणि आजही अनेक कळफलकांवर तसेच होते. एकाच प्रबंधात दोन्ही प्रकार मिसळले, तर ‘ॲकॅडमी’ हा शब्द शोधताना निम्मे उल्लेख निसटतात. कोणती पद्धत घ्यायची ते एकदा ठरवावे आणि ‘शोधा व बदला’ ही सोय वापरून संपूर्ण प्रबंधात एकरूपता आणावी.

याउलट, ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसते, म्हणून काही संशोधक गोंधळतात. येथे केवळ आकार वेगळा असतो. आतील क्रमांक एकच. मराठी वळण देणारा टंक निवडला की प्रश्न मिटतो.

गोव्याच्या संशोधकापुढील विशेष प्रश्न

गोव्याचा इतिहास, भाषा वा लोकसंस्कृती यांवर मराठीत लिहिणाऱ्याला एकाच पानावर अनेक लिप्या वागवाव्या लागतात. पोर्तुगीज दप्तरांतील उतारे, रोमन लिपीतील कोकणी, मोडीतील कागदपत्रे हे सारे एकत्र येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले; त्यातील मराठी ओव्यांचे मूळ लिप्यंतर द्यायचे तर खुणा असलेली रोमन अक्षरे लागतात. पोर्तुगीजमधील अनुनासिकाची लहरी रेघ किंवा शेपटीचा ‘सी’ काही देवनागरी टंकांत नसतो. अशा वेळी संगणक गुपचूप दुसरा टंक उसना घेतो, किंवा रिकामी चौकट दाखवतो. त्यामुळे देवनागरीसाठी एक आणि रोमनसाठी एक असे दोन टंक आरंभीच निश्चित करावेत.

मोडी लिपीला युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, म्हणजे २०१४ मध्ये, जागा मिळाली. मोडी मजकूर टंकित करून देणे त्यामुळे शक्य झाले असले, तरी वाचकाच्या संगणकात मोडीचा टंक असेलच असे नाही. मूळ कागदाचे छायाचित्र, त्याखाली देवनागरी लिप्यंतर, अशी जोडी दिल्यास दोन्ही हेतू साधतात.

मांडणी: हाताने नव्हे, शैलीने

वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये प्रकरणाचे शीर्षक ठळक आणि मोठे केले की ते वाचकाला शीर्षक वाटते. संगणकाला तो केवळ जाड ठशातील मजकूर असतो. त्याऐवजी तयार ‘हेडिंग’ शैली लावल्यास अनुक्रमणिका आपोआप तयार होते, पृष्ठक्रमांक बदलले तरी क्षणात अद्ययावत होते, आणि अंतिम पीडीएफमध्ये बाजूला प्रकरणांची क्लिक करता येणारी यादीही मिळते. चारशे पानांच्या प्रबंधात ही सोय वाचकाचे कितीतरी श्रम वाचवते. आकृत्या आणि कोष्टके यांचे क्रमांकही हाताने न देता मथळ्याच्या सोयीने द्यावेत, तळटीपांचेही तसेच.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास छळते. वर्डमध्ये रोमन लिपीचा टंक आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा टंक यांची नोंद स्वतंत्र असते, लिब्रेऑफिसमध्येही तशीच दोन खाती असतात. एकाचा आकार बदलला तरी दुसऱ्याचा बदलत नाही. शीर्षकातील इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी शब्द तसेच राहतात, ते यामुळे. शैलीच्या रचनेत दोन्ही खात्यांत टंक व आकार भरला की ही कटकट थांबते.

प्रारंभिक पृष्ठांचे क्रमांक मराठी ग्रंथपरंपरेप्रमाणे एक, दोन, तीन असे अक्षरी देतात, तर काही ठिकाणी रोमन अंक चालतात. पहिल्या प्रकरणापासून मात्र १, २, ३ असा नवा क्रम सुरू होतो. त्यासाठी दोन्ही भागांमध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घालावा लागतो, केवळ नवे पान पुरत नाही. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींतील अंतर कोंदट ठेवू नये.

पीडीएफ आणि तिची कसोटी

अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात जाते. ती तयार करण्याचा सर्वांत वाईट मार्ग म्हणजे छापील पाने स्कॅन करणे. तशा फाइलमध्ये मजकूर नसतोच, केवळ पानांची छायाचित्रे असतात, आणि फाइलचा आकारही अवाजवी वाढतो. सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र तेवढे स्कॅन करावे. उर्वरित प्रबंध मूळ फाइलमधून थेट पीडीएफ म्हणून जतन करावा.

टिकाऊ जतनासाठी ‘पीडीएफ/ए’ नावाचा आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ १९००५ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या मानकाचा पहिला भाग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मूळ अट अशी की, वापरलेले सर्व टंक फाइलच्या आतच अंतर्भूत असले पाहिजेत आणि फाइलला परवलीचा शब्द नसावा. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत जतन करतानाच हा पर्याय मिळतो. विद्यापीठाने त्याची मागणी केली नसली, तरी तो निवडण्यात संशोधकाचाच लाभ आहे.

युनिकोडमध्ये लिहूनही एक धोका उरतो. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार कागदावरील जागेनुसार मांडलेले असतात. ‘किती’ या शब्दात वेलांटी ‘क’च्या आधी काढली जाते, उच्चारात मात्र ती नंतर येते. हा क्रम परत लावण्याची माहिती फाइलमध्ये नीट नसेल, तर मजकूर बाहेर काढताना वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात. म्हणून कसोटी घ्यावी: तयार पीडीएफमधील एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. त्यात ऱ्हस्व वेलांटी, रफार, ‘ऱ्या’ आणि एखादी तळटीप असावी. मजकूर जसाच्या तसा आला तर प्रत उत्तम. तो विस्कटला तर टंक बदलून, किंवा दुसऱ्या प्रणालीतून पीडीएफ काढून पुन्हा पाहावे.

शोधगंगेत प्रबंध एकाच फाइलऐवजी भागांत ठेवला जातो: मुखपृष्ठ, प्रारंभिक पृष्ठे, अनुक्रमणिका, सारांश, प्रत्येक प्रकरण, परिशिष्टे. फाइलींची नावे रोमन लिपीत असतात व त्यांच्या आरंभी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक असतात. शून्य गाळल्यास संगणकाच्या यादीत दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊन बसू शकते. हस्तलिखितांची छायाचित्रे इंचाला ३०० बिंदू या घनतेची पुरेशी असतात. त्याहून जड चित्रांनी फाइल विनाकारण फुगते.

साम्याची तपासणी

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र नियमावली केली. तिच्यानुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभराची मनाई आहे, आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळले जातात. इन्फ्लिबनेट २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या उपक्रमातून विद्यापीठांना तपासणीची प्रणाली पुरवते.

येथेही जुना टंक घात करतो. प्रणालीला रोमन खिचडीच दिसत असल्याने ती मराठी ग्रंथांशी तुलनाच करू शकत नाही आणि अहवालात शून्याच्या आसपासचा आकडा येतो. तो आकडा प्रामाणिकपणाचा दाखला ठरत नाही. पुढे कधी तोच मजकूर युनिकोडमध्ये आला, की खरे साम्य उघड होईल, आणि तेव्हा पदवी हाती असेल. दुसरीकडे, संतवाङ्मयावर लिहिणाऱ्याने अभंग-ओव्या अवतरणचिन्हांत व स्वतंत्र परिच्छेदात दिल्या नाहीत, तर निर्दोष संशोधनही संशयाच्या फेऱ्यात सापडते.

जे जगासमोर जाऊ नये

छापील प्रबंधाच्या परिशिष्टात मुलाखत दिलेल्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक देण्याची पद्धत होती. ती प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहत असे. खुल्या भांडारातील प्रत मात्र जगभर कोणीही उतरवून घेऊ शकतो. एखाद्या वाडीतील वृद्धेने विश्वासाने गाणी सांगितली, म्हणजे आपला दूरध्वनी क्रमांक जगजाहीर करण्यास संमती दिली असे होत नाही. असे तपशील परीक्षकांसाठी वेगळे ठेवावेत आणि ई-प्रतीतून वगळावेत. संशोधकाच्या परिचयपत्रातील घरचा पत्ता व जन्मतारीख यांनाही हाच न्याय लावावा. दुसऱ्याच्या मालकीची छायाचित्रे किंवा नकाशे असतील, तर परवानगी लेखी घ्यावी.

शेवटी, मूळ फाइल, तिच्यातील टंक आणि अंतिम पीडीएफ यांच्या प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सादर करण्याच्या आदल्या दिवशी ती पीडीएफ अनोळखी संगणकावर आणि मोबाइलवर उघडून पाहावी, विषयाशी निगडित पाच शब्द तिच्यात शोधावेत आणि एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. या कामास पाव तास लागतो. गोव्यातील एखाद्या गावाच्या गाण्यांवर वा देवस्थानावर मराठीत एकच प्रबंध असू शकतो, आणि त्या गावाचे नाव शोधणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला तो सापडेल की नाही, हे त्या पाव तासात ठरते.